चित्र दाखवायचं कुणाला?

एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेतल्या पोलरॉइड कंपनीच्या भागधारकांच्या वार्षिक सभेत एडविन लँड यांनी आपलं नवं यंत्र लोकांसमोर आणलं. त्याचं नाव पोलाव्हिजन. घरगुती चित्रणासाठी हातात मावणारा कॅमेरा, त्यात घालायची फितीची कॅसेट आणि चित्रण दाखवणारी टेबलावर ठेवायची पेटी असा तो संच होता. चित्रण संपलं की कॅसेट पेटीत सरकवायची. पेटी आतल्या आत फीत धुऊन काढायची आणि दीड मिनिटात रंगीत हलतं चित्र तिच्या पडद्यावर दिसू लागायचं. फीत प्रयोगशाळेत पाठवून दिवस मोजत बसण्याची गरजच उरली नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा पराक्रम होता. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, कंपनीने पोलाव्हिजनपायी सुमारे ६ कोटी ८५ लाख डॉलरचं नुकसान हिशेबात मांडलं आणि यंत्र गुंडाळलं.

आता दुसरं टोक पाहा. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीने बनवलेला जे-एसएच०४ हा मोबाइल फोन विक्रीला आला. त्याच्या पाठीवर एक बारीकसा कॅमेरा होता. त्याची ताकद एक लाख दहा हजार पिक्सेल, म्हणजे त्या वेळी दुकानात मिळणाऱ्या बऱ्यापैकी डिजिटल कॅमेऱ्याच्या पाच टक्केही नाही. चित्र टपाल तिकिटाएवढं आणि धुरकट. पण ते काढलं की त्याच फोनवरून लगेच दुसऱ्याला पाठवता यायचं. जपानी तरुणांनी ही सोय उचलून धरली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत फोनमधल्या कॅमेऱ्याने साध्या घरगुती कॅमेऱ्याचा धंदाच संपवला.

मी तीस वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातही प्रामुख्याने प्रकाशशास्त्र. होलोग्राम किंवा लिपमनचं रंगीत छायाचित्र शिकवून झालं की वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा, “सर, हे इतकं भारी आहे, तर मग चाललं का नाही?” पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नसतं. निवृत्तीनंतर मी हाच प्रश्न घेऊन बसलो. प्रतिमा टिपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या यंत्रांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास त्यासाठी वाचला, आणि जुन्या बाजारातून हाती लागेल ते उघडूनही पाहिलं. त्यातून जे हाती आलं ते वाचकांपुढे ठेवतो.

नेहमीची उत्तरं

अपयशी यंत्राबद्दल विचारलं की तीन उत्तरं ठरलेली असतात. यंत्र महाग होतं, चित्राचा दर्जा कमी होता, किंवा ते काळाच्या पुढे होतं.

तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. पहिल्या रंगीत दूरचित्रवाणी संचांपासून आजच्या फोनपर्यंत कितीतरी यंत्रं सुरुवातीला महागच होती, तरी ती खपली. दर्जा कमी असूनही खपलेलं यंत्र आपण वर पाहिलंच. ‘काळाच्या पुढे’ हे उत्तर तर मला मुळीच पटत नाही. ते नेहमी नंतर दिलं जातं. चाललं तर द्रष्टेपणा आणि पडलं तर काळाच्या पुढे, अशा उत्तराने काहीच कळत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की हे शोध लावणारे बहुतेक जण चित्र आणि डोळा या दोघांचाच विचार करतात. चित्र अधिक खरं कसं होईल, डोळ्याला अधिक कसं पटेल, याचा. पण माणूस चित्र एकट्यासाठी क्वचितच काढतो. लग्नातला फोटो मामाला पाठवायचा असतो, बाळाचा आजीला दाखवायचा असतो, सहलीचा शेजाऱ्यांसमोर मांडायचा असतो. चित्र ही देवघेवीची वस्तू आहे. जे तंत्र चित्राचा दर्जा वाढवतं पण ते दुसऱ्याच्या हाती देणं अवघड करतं, त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. जे दर्जा खाली आणूनही देणं सोपं करतं, ते तरून जातं. हे माप जुन्या यंत्रांना लावून पाहू.

एकाच माणसाची दोन यंत्रं

पोलाव्हिजनपासूनच सुरुवात करू, कारण इथे तुलना सोपी आहे. लँड यांनी त्याआधी झटपट फोटोचा कॅमेरा यशस्वी करून दाखवला होता. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, की आत्ता काढलेला फोटो लगेच का नाही पाहता येत? त्या प्रश्नातून सुरू झालेलं काम १९४८ मध्ये बॉस्टनच्या एका दुकानात विक्रीला आलं. १९७२ मध्ये आलेल्या एसएक्स-७० या कॅमेऱ्यातून तर चौकोनी रंगीत फोटो थेट बाहेर पडायचा आणि डोळ्यांदेखत उमटत जायचा.

या फोटोतही उणिवा होत्याच. निगेटिव्ह नसल्याने दुसरी प्रत काढणं अवघड. साध्या फोटोपेक्षा खर्च जास्त. पण कॅमेऱ्यातून निघालेला कागद समोरच्याच्या हातात देता यायचा. ज्याचा फोटो काढला तोच तो घेऊन घरी जायचा. पाहायला कसलंही यंत्र लागत नव्हतं.

पोलाव्हिजनमध्ये ‘झटपट’ हा गुण तोच होता, पण देणं संपलं होतं. एका कॅसेटमध्ये जेमतेम दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं चित्रण मावायचं आणि तेही मुकं. कॅसेट बंद, त्यामुळे फीत कापून जोडता येत नव्हती. ती फक्त पोलाव्हिजनच्याच पेटीत चालायची आणि त्या पेटीचा पडदा लहान व अंधूक होता. म्हणजे नातवाचं चित्रण आजोबांना दाखवायचं तर आजोबांनी तरी यावं किंवा पेटी तरी उचलून न्यावी. त्या वेळी प्रचलित असलेल्या सुपर एट फितीला धुऊन यायला वेळ लागायचा, पण ती भिंतीवर मोठी दाखवता यायची, जोडून लांब करता यायची, आणि १९७३ पासून तिच्यात आवाजही आला होता. शिवाय १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि त्यापाठोपाठ व्हीएचएस आल्याने चुंबकीय फितीचा काळ सुरू झाला होता. ही फीत पुसून पुन्हा वापरता यायची, घरच्याच टीव्हीवर पाहता यायची.

व्हिडिओ आला म्हणून पोलाव्हिजन बुडालं, असं म्हटलं जातं आणि ते चुकीचं नाही. पण व्हिडिओपुढे ते इतक्या लवकर का कोसळलं, याचं उत्तर त्या बंद कॅसेटमध्ये आहे, असं मला वाटतं.

मोरपिसाचा रंग आणि बटाट्याचं पीठ

दुसरी जोडी त्याहून जुनी आहे. १८९१ मध्ये पॅरिसमध्ये गॅब्रिएल लिपमन यांनी रंगीत छायाचित्रणाची एक अद्भुत पद्धत जाहीर केली. त्यांनी काचेवरच्या अतिसूक्ष्म कणांच्या लेपामागे पाऱ्याचा आरसा ठेवला. आत येणारा प्रकाश आणि आरशावरून परतणारा प्रकाश यांच्या मिलाफातून लेपाच्या आत थरांची एक उतरंड तयार व्हायची. प्रत्येक रंगाची उतरंड वेगळ्या अंतराची. काच धुतल्यावर तिच्यावर पांढरा प्रकाश पडला की प्रत्येक जागा आपापला मूळ रंगच परत पाठवायची. रंगद्रव्याचा एक थेंबही न वापरता केवळ रचनेतून आलेला हा रंग असतो. मोरपिसाचा रंगही असाच येतो. या कामासाठी लिपमन यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या काचा आजही संग्रहालयांत आहेत आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांचे रंग टिकून आहेत.

तरीही लिपमनची पद्धत बाजारात कधी आलीच नाही. एकेका चित्रासाठी प्रकाश पडू देण्याचा काळ मिनिटांत मोजावा लागायचा, हे एक कारण. दुसरं अधिक मूलभूत आहे. तयार काच एका ठरावीक कोनातूनच पाहावी लागते. डोकं जरा हललं की रंग नाहीसे होतात. शेजारी बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, आणि त्या रंगांची प्रत काढता येत नाही.

लिपमन यांच्या पद्धतीवर ज्यांनी बरंच काम केलं, त्यांत सिनेमावाले ल्यूमिएर बंधू होते. त्यांनीच १९०७ मध्ये ऑटोक्रोम ही वेगळी काच बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि निळसर जांभळ्या रंगात रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांच्यामागे साधा काळा-पांढरा लेप द्यायचा. रंग अंदाजे, चित्र काळपट आणि जवळून पाहिलं तर दाणेदार. लिपमनच्या काचेशी याची बरोबरीच नाही. पण ऑटोक्रोम साध्या कॅमेऱ्यात बसायची आणि मॅजिक लँटर्नमधून खोलीभर लोकांना एकदम दाखवता यायची. तिच्यावरून मासिकात रंगीत चित्र छापता यायचं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ते केलं. आल्बेर कान या फ्रेंच बँकरने जगभर छायाचित्रकार पाठवून सुमारे ७२ हजार ऑटोक्रोम जमवल्या, त्यांत भारतातल्याही आहेत. रंगीत फिल्म येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, ऑटोक्रोम खपत राहिली.

मॅजिक लँटर्नचा उल्लेख आला आहे तर आपल्याकडचं एक उदाहरण सांगायलाच हवं. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने सुरू केले. लँटर्न परदेशात जुनीच होती. पटवर्धनांनी तिला पुराणकथा दिल्या, निवेदन दिलं आणि जमलेल्या श्रोत्यांची सवय ओळखली. आपल्याकडे कीर्तनाला, कथेला लोक एकत्र बसतच होते. त्या बैठकीसमोर त्यांनी उजळलेलं चित्र ठेवलं. नवं यंत्र जुन्या बैठकीत बसवणं ही गोष्ट साधी वाटते, पण मोठमोठ्या कंपन्यांना ती पुढे जमलेली नाही.

त्रिमितीची दोन रूपं

‘लोकांना डोळ्यांवर काही चढवायला आवडत नाही, म्हणून थ्रीडी टीव्ही पडला’, हे विधान मी अनेकदा ऐकलं आहे. इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यासाठी भिंगांची सुटसुटीत पेटी तयार केली आणि १८६१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर व लेखक ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप बनवला. होम्स यांनी त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही, त्यामुळे कोणीही तो बनवू शकला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत हे यंत्र आणि जोडचित्रांची पुठ्ठ्याची कार्डं यांचं राज्य होतं. अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीने तर शंभर कार्डांतून भारतदर्शन घडवणारा संच विकला. १९३९ मध्ये आलेला व्ह्यू-मास्टर हे याच घराण्यातलं धाकटं पोर. आमच्या पिढीतल्या अनेकांनी त्याची चकती फिरवत ताजमहाल पाहिला आहे.

स्टिरिओस्कोप एका वेळी एकालाच दिसतो आणि तोंडासमोर धरावा लागतो. मग माझ्या मापाने तो पडायला हवा होता. तो का चालला? कारण तो हातोहात फिरायचा. एक जण पाहायचा, बाकीचे ‘आता मला’ म्हणायचे, कार्डावर गप्पा व्हायच्या. कार्ड स्वस्त, ते टपालाने पाठवता यायचं, उसनं देता यायचं, आणि एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात चालायचं.

थ्रीडी सिनेमालाही आपल्याकडे प्रेक्षक होता. १९८४ मधला मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’ आणि नंतर ‘छोटा चेतन’ नावाने आलेलं त्याचं हिंदी रूप आठवणारे वाचक पुष्कळ असतील. चश्मा घालून शेकडो लोक एकाच वेळी पडद्यातून आलेली वस्तू पकडायला हात पुढे करायचे. ती सामुदायिक गंमत होती आणि चश्मा तिकिटाबरोबर मिळत होता.

डिसेंबर २००९ मध्ये ‘अवतार’ आला आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांनी घरगुती थ्रीडी टीव्ही बाजारात आणले. यांतल्या अनेकांना बॅटरीवर चालणारे महागडे चश्मे लागायचे आणि एका कंपनीचा चश्मा सहसा दुसऱ्याच्या टीव्हीला चालत नसे. माझ्या एका नातेवाइकांकडे असा संच होता. घरात चश्मे चार, आणि रविवारी जेवायला माणसं नऊ. चौघांनी पाहायचं तर उरलेल्या पाचांना पडद्यावर दुहेरी, पुसट चित्र दिसायचं. शेवटी कोणीतरी म्हणायचं, “ते साधं लावा रे.” सिनेमागृहातला चश्मा सगळ्यांना एका गोष्टीत सामील करायचा, घरातला चश्मा माणसांची दोन गटांत वाटणी करायचा. शिवाय घरातला टीव्ही आपण भाजी निवडताना, फोनवर बोलताना, ये-जा करताना पाहतो. ती सवय चश्म्यात बसत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ईएसपीएनने आपली थ्रीडी वाहिनी बंद केली, त्याच वर्षी बीबीसीनेही थ्रीडी कार्यक्रम थांबवले. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी हे संच बनवणं सोडून दिलं.

दुसऱ्या टोकाला कोणीच नाही

देवघेवीला दोन बाजू लागतात. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन दाखवला. बोलणाऱ्याचा चेहरा दिसणारा टेलिफोन. १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. भाडं महिन्याला १६० डॉलर, आणि त्यात बोलायला मिळायची फक्त तीस मिनिटं. ग्राहक काहीशेच्या पुढे गेले नाहीत आणि काही वर्षांत सेवा आटोपली.

भाडं जबर होतं यात शंका नाही. पण स्वस्तात दिला असता तरी पहिल्या शंभर ग्राहकांनी पाहायचं कोणाला? त्यांचे भाऊबंद, गिऱ्हाईक, डॉक्टर यांच्यापैकी कोणाकडेच पिक्चरफोन नव्हता. यावर कोणी म्हणेल, की साध्या टेलिफोनचीही सुरुवातीला हीच अडचण होती. होती, पण त्याची स्पर्धा चिठ्ठी घेऊन धावणाऱ्या पोऱ्याशी होती. पिक्चरफोनची स्पर्धा होती ती टेलिफोनशी, आणि तो घरोघरी पोहोचलेला होता.

आज पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातवाला रोज रात्री पाहते, तेव्हा चित्र मध्येच थांबतं, आवाज मागे-पुढे होतो. तरी चालतं, कारण चेहरा दाखवणारा फोन दोन्ही घरांत दुसऱ्याच कामासाठी आधीच आलेला होता.

जिवंत चित्रांचं बंद दार

अलीकडचं उदाहरण लायट्रोचं. नेहमीचा कॅमेरा प्रकाश कुठे पडला एवढंच नोंदवतो. लायट्रोच्या कॅमेऱ्यात संवेदकासमोर हजारो सूक्ष्म भिंगांची जाळी होती, त्यामुळे प्रकाश कोणत्या दिशेने आला हेही नोंदलं जायचं. परिणामी फोटो काढून झाल्यावर, घरी बसून, फोकस पुढे-मागे करता यायचा. कल्पनेचं मूळ पुन्हा लिपमनकडेच जातं. सूक्ष्म भिंगांच्या जाळीची सूचना त्यांनी १९०८ मध्येच केली होती. रेन एन्ग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या प्रबंधात ती डिजिटल रूपात सिद्ध केली. पहिला कॅमेरा २०१२ मध्ये ३९९ डॉलरपासून विक्रीला आला.

दिशेची माहिती साठवण्याची किंमत तपशिलात मोजावी लागत होती. त्यामुळे तयार सपाट फोटो सुमारे बारा लाख पिक्सेलचा, म्हणजे त्या वेळच्या साध्या फोनपेक्षाही कमी. पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी वाटते. फोकस हलवण्याची जादू कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये किंवा कंपनीच्याच संकेतस्थळावरून दिसायची. तोच फोटो छापला किंवा साध्या रूपात मित्राला पाठवला की तो इतर फोटोंसारखाच, किंबहुना त्यांच्याहून फिका. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण दुसऱ्याकडे पोहोचतच नव्हता. दरम्यान फोन बनवणाऱ्यांनी गणिताच्या जोरावर पार्श्वभूमी धूसर करून दाखवली. ती नक्कल होती, पण कोणालाही पाठवता येणारी. नोव्हेंबर २०१७ मध्ये लायट्रोचं चित्रांचं संकेतस्थळ बंद झालं आणि २०१८ मध्ये कंपनीही.

जे देता येत नाही तेच विकलं गेलं

होलोग्रामची कथा या सगळ्याला वेगळं वळण देते. डेनिस गॅबॉर यांनी १९४८ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं, १९६० च्या दशकात लेसर आल्यावर अमेरिकेत लीथ आणि उपाटनिएक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम करून लोकांना थक्क केलं, आणि १९७१ मध्ये गॅबॉर यांना नोबेल मिळालं. डोकं हलवलं की मागचं दिसतं, असं खरंखुरं खोली असलेलं चित्र. आता घराघरांत होलोग्रामची चित्रं लागणार, अशी भाकितं झाली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला होलोग्राफीचं स्वतंत्र संग्रहालय निघालं आणि १९९२ मध्ये ते बंद पडलं.

चित्र म्हणून होलोग्राम खपला नाही, कारण घरचा माणूस तो काढू शकत नव्हता, योग्य दिव्याशिवाय तो दिसत नव्हता आणि त्याचा फोटो काढला की तो मरायचा. खोली गायब, उरतो एक चकाकता डाग. नेमका हा शेवटचा दोष कोणीतरी गुण म्हणून पाहिला. ज्याची छायाप्रत निघत नाही, त्याची नक्कल करणंही अवघड. १९८३ पासून मास्टरकार्डच्या पतपत्रांवर ठशाने छापलेला होलोग्राम आला. मार्च १९८४ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम झळकला. आज औषधांच्या वेष्टनावर, प्रमाणपत्रांवर, सुट्या भागांच्या खोक्यांवर आपण ती इंद्रधनुषी चकती पाहतो. या दिवाळीत खरेदी केलेल्या एखाद्या वस्तूवरही ती असेल. नोबेल मिळवणाऱ्या चित्राची ही अखेर काहींना केविलवाणी वाटते. मला ती उद्बोधक वाटते. देता न येणाऱ्या चित्राला बाजार मिळाला तो, जिथे दुसऱ्याला देता येऊ नये हीच गरज होती तिथे.

जिथे हे माप पुरत नाही

हे माप सर्वत्र लागू पडतं असा माझा दावा नाही. पडद्यांच्या तंत्रज्ञानाचं गणित बरंचसं वेगळं आहे. कॅनन आणि तोशिबा यांनी २००४ मध्ये एसईडी नावाच्या सपाट पडद्यासाठी संयुक्त कंपनी काढली. जुन्या काचेच्या नळीसारखं सकस चित्र, पण भिंतीवर मावणारं. पडदा देवघेवीच्या आड येत नव्हता. त्यावर सगळ्यांनी मिळून नेहमीचेच कार्यक्रम पाहायचे होते. तरी तो दुकानात पोहोचलाच नाही. पेटंटचा वाद झाला, २००७ मध्ये तोशिबा बाहेर पडली आणि २०१० मध्ये कॅननने ती कंपनी विसर्जित केली. तोवर एलसीडीचे कारखाने इतके अवाढव्य झाले होते आणि किमती इतक्या वेगाने उतरत होत्या, की नव्या तंत्राला उतरायला जागाच उरली नव्हती. नवं तंत्र आजच्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना करून आखलं जातं, पण त्याची गाठ पडते ती चार वर्षांनंतरच्या प्रतिस्पर्ध्याशी.

पायोनियरच्या कुरो या प्लाझ्मा पडद्याचा गडद काळा रंग जाणकार आजही वाखाणतात. पण तो अंधाऱ्या खोलीत जाणवायचा आणि दुकानं लख्ख उजळलेली असतात. तिथे शेजारचा एलसीडी अधिक चमकदार दिसायचा. पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीचा धंदा सोडण्याचं जाहीर केलं. इथेही, म्हटलं तर, गुण दुसऱ्याला दाखवता न येण्याचाच प्रश्न होता. पण मुख्य कारण भांडवल आणि किंमत हेच, हे मान्य केलं पाहिजे.

हिशेब कोणाच्या माथी

एखादं यंत्र पडलं की कंपनी नुकसान लिहून टाकते आणि पुढे जाते. शोधकाचंही नाव राहतं. तिसरा एक पक्ष असतो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो म्हणजे विश्वासाने ते यंत्र घेऊन त्यात घरच्या आठवणी भरणारा माणूस. पोलाव्हिजनच्या कॅसेटमध्ये १९७८ सालची कोणाची तरी लहान मुलं आहेत. ती पाहायची तर चालू पेटी शोधा, नाहीतर कॅसेट फोडून फीत काढा आणि जाणकाराकडून उतरवून घ्या. साध्या कागदावरचा त्याच वर्षीचा पिवळा पडलेला फोटो मात्र अल्बम उघडला की समोर असतो. चित्र दुसऱ्याला देता येणं आणि चित्र काळापलीकडे टिकणं या दोन गोष्टी मला म्हणूनच वेगळ्या वाटत नाहीत. वीस वर्षांनंतरचे आपण आणि आपली मुलं, हीसुद्धा चित्र ज्यांच्या हाती द्यायचं अशी ‘दुसरी’ माणसंच असतात.

आज डोळ्यांवर चढवायच्या यंत्रांचा जमाना येऊ घातला आहे. ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीला आणलेल्या व्हिजन प्रोमध्ये वाढदिवसाचं खोलीसकट चित्रण पाहता येतं. यंत्र घातलेल्या माणसाच्या डोळ्यांची प्रतिमा बाहेरच्या बाजूला दाखवण्याची योजनाही त्यात आहे. म्हणजे समोर बसलेला माणूस तुटून पडतो, हे त्याच्या कर्त्यांनीही ओळखलेलं आहे. त्यावरचा त्यांचा उपाय पुरेसा ठरतो का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेलच.

तोवर असं काही नवं यंत्र घेणाऱ्याने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. यातलं चित्र ज्याच्याकडे हे यंत्र नाही त्याला दिसेल का? दिसलं तर ज्या गुणासाठी मी पैसे मोजतोय तो त्यात उरेल का? आणि उद्या ही कंपनी नसली तर माझं चित्र माझ्याकडे कोणत्या रूपात राहील? शोध लावू पाहणाऱ्या तरुणांनी हेच प्रश्न प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावेत. ‘चाललं का नाही’ असं विचारणारे माझे काही विद्यार्थी आता स्वतः कॅमेरे आणि पडदे घडवण्याच्या कामात आहेत. त्यांना त्या वेळी वर्गात न देता आलेलं उत्तर ते हेच.